छत्तीसपैकी एकतीस

"दोघांच्या जन्मतारखा सांग," पंचांग उघडत बाबा म्हणाले. बाबा लग्नाच्या पत्रिका जुळवतात.

पण इथे दोघं म्हणजे दोन सॉफ्टवेअर होती! शाळेच्या स्पर्धेसाठी मला नवी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, नाहीतर सोमवारी मी बाद. बाबांचा पत्रिकेचा प्रोग्रॅम मात्र जुन्या सिस्टिमवरच चालतो. म्हणून मी व्हर्च्युअल मशीन सुचवलं. कम्प्युटरच्या पोटात दुसरा कम्प्युटर. जुनी सिस्टिम मालकीण, नवी भाडेकरू! त्यासाठीची सॉफ्टवेअर दोन, एक फुकट, एक विकतचं.

"माझ्या कम्प्युटरशी ज्याचे गुण जुळतील, तेच घरात येईल," बाबांनी बजावलं.

फुकटवाल्याचे जुळले नऊ, विकतवाल्याचे सव्वीस. आणि विकतचं बाबांनी घेणं शक्यच नव्हतं! गेली माझी स्पर्धा.

"बाबा, थांबा! फुकटवालं अमेरिकेत रात्री जन्मलं. आपल्याकडे तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला. नक्षत्र बदलेल ना?"

बाबांनी पुन्हा गणित मांडलं. एकतीस!

"टाक ते कम्प्युटरवर," चष्मा काढत बाबा म्हणाले. "जन्मवेळ फिरवणारी मुलीकडची माणसं रोजच येतात माझ्याकडे. पण इतकं बेधडक कुणी फिरवत नाही."