हमीदभाईंचं पीठ

चाळणीवर एकही किडा राहिला नाही. कारखान्यात येणारा माल तपासणाऱ्या सुनीती मॅडमनी हमीदभाईंच्या समोरच आणखी एक पोतं फोडलं. तेही स्वच्छ निघालं.

बिस्किटांच्या पुड्यांत किडे सापडून माल परत यायला लागला, तेव्हापासून हडपसरच्या या कारखान्यात सगळ्यांचं बोट हमीदभाईंच्या पिठाकडे होतं. ज्याच्या मालातून कीड येईल त्याचा माल कायमचा बंद, असं बजावून मालक रंगनाथरावांनी तपासणी होईपर्यंत त्यांची ऑर्डर थांबवली होती. आणि हमीदभाईंची भवानी पेठेतली गिरणी या एकाच गिऱ्हाइकावर तग धरून होती. बिचाऱ्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? गिरणी धुऊन काढली, पोती नवी घेतली, टेम्पोसुद्धा पुसून घेतला. तरी मोहल्ल्यात लोक विचारायचेच, काय हमीदभाई, किडे काय म्हणतात.

"पीठ चोख आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कीड आमच्याच घरातली."

मग मशीनच्या आजूबाजूला शोधाशोध झाली. पीठ मळायच्या मशीनच्या बरोबर वर एक लाल पुरचुंडी टांगलेली होती. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की नारळ आणि ओंजळभर गहू बांधून ती टांगायची, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी इथली रीत. औषध फवारणारेसुद्धा तिला नमस्कार करून पुढे जात. मॅडमनी शिडी मागवली आणि गाठ सोडली. गव्हाचा भुसा झाला होता आणि त्यात किडे वळवळत होते. तेच खाली पिठात पडत होते.

हमीदभाईंना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी मालकांना बोलावून घेतलं आणि यांची ऑर्डर आजच सुरू करा म्हणून स्पष्ट सांगितलं.

रंगनाथरावांनी भुसा बोटानं उकरून पाहिला.

"करू की," ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा हमीदभाई, पूजेचे गहू दरवर्षी कोण आणून देतं?"

हमीदभाईंनी त्या कापडाकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

"मीच, शेठ. देवाचे म्हणून हातानं निवडतो. औषध लावत नाही त्यांना."