उजळ ठिपका

भाऊ सारंगच्या व्यसनावरील अल्पमुदतीच्या निवासी उपचारांसाठी मृणाल शहरोशहरी फिरली होती. कुठेच जागा नव्हती. या केंद्रात होती, पण डॉक्टर चौबळांनी तिला आधी पडद्यावर त्याचा मेंदू दाखवला.

"गर्दच्या नशेशी जोडलेली प्रत्येक आठवण आम्ही पुसतो. एक जरी उरली, तरी तलफ परतते. त्यातला हा सर्वांत उजळ ठिपका तुमचा आहे."

"माझा? मी तर त्याला सोडवायलाच धडपडत होते."

"दर वेळी नशा उतरताना उशाशी तुम्हीच होता ना? मेंदूला हेतू कळत नाही. सोबत तेवढी कळते."

मृणालने संमती दिली.

उपचार संपले त्या सकाळी, सारंगला नव्या गावी नेणारी गाडी फाटकाशी लागली. मृणालला लांबून पाहण्याची मुभा होती. तिचा आवाज मात्र त्याच्या कानी पडता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण नकळत ती फाटकाच्या वाटेवर आली होती, आणि बॅग सावरत सारंग थेट तिच्यासमोर येऊन थांबला. त्याचे डोळे स्वच्छ झाले होते.

"ताई," तो म्हणाला.

यंत्र चुकले असेल, तर व्यसनही परतणार होते. तरीही, क्षणभर, ते चुकलेलेच असावे असे तिला वाटले.

"जरा बाजूला होता का? बॅग जड आहे."

जन्मात त्याने तिला कधी अहो-जाहो केले नव्हते. ती मुकाट्याने बाजूला झाली.

"येतो हं, ताई," अनोळखी बाईशी बोलावे तितक्याच सौजन्याने तो म्हणाला.

'ये' हा शब्द तिने ओठांतच थोपवला.