हॅड वेन्ट

ही गोष्ट एकोणीसशे बासष्ट सालची. अण्णा अंथरुणाला खिळले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

चाळीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि पोटची धाकटी त्याच विषयात मॅट्रिकला आपटली. ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. "ही पास झाली की मी सुटलो," असं ते येईल त्याला सांगत. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, की आता औषधाच्या हातात काही नाही, या हट्टावरच त्यांचा श्वास चालू आहे.

धाकटी दर वर्षी परीक्षेला म्हणून जायची. निकाल बघायला एकटीच जायची आणि चेहरा पाडून परत यायची.

घरच्यांच्या हिशेबी दिवसा ती एका बेकरीत कामाला असे. संध्याकाळी आली, की अण्णा आधी तिच्या बाहीकडे बघत. "पीठ झटक, मग बस." ती दोन टिचक्या मारी, बाही स्वच्छ होई. मग वही निघे. 'गो'चा पूर्ण भूतकाळ, दहा वाक्यं. मी पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. आई उठली तेव्हा दूधवाला गेला होता. दहाही वाक्यांत ती 'हॅड वेन्ट' लिही. अण्णा लाल पेन्सिलीने काट मारून वर 'हॅड गॉन' लिहीत, आणि त्या दिवशी दोन घास जास्त खात.

"म्हातारा जाईल, पण हिचं वेन्ट काही जायचं नाही," थोरला भाऊ जेवताना म्हणे. तीही हसे.

त्या हिवाळ्यात अण्णांच्या पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ते उशी चावत. एका संध्याकाळी त्यांनी तिचं मनगट धरलं.

"आज एकदा तरी बरोबर लिही गं."

ती पेन्सिल हातात धरून कितीतरी वेळ बसली. मग मान खाली घालून तिने दहा वेळा 'हॅड वेन्ट' लिहिलं.

वही अण्णांनी स्वतःकडे ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

थोरला बदली होऊन गेला, त्याने तिकडेच घर बांधलं. डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडे दिला. धाकटीने लग्न केलं नाही. उशीखाली सापडलेली वही तिने ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि स्वतः निवृत्त झाली त्या दिवशी उघडली. शेवटच्या पानावर एकही काट नव्हती. खाली लाल पेन्सिलीची वाकडी अक्षरं होती.

"पोरी, बेकरीचं तुपकट पीठ असं झटकून जात नाही, खडू जातो. वर्गात तरी मुलांना बरोबर शिकवत जा. मला केव्हाच जायचं होतं, तुझ्यासाठी थांबलो होतो."