ओली फरशी

मधल्या खोलीच्या कामाचा क्रम सुनेने स्वतः ठरवला होता. आधी सामान हलवायचं, मग जुनी फरशी उखडायची, भिंतींना रंग द्यायचा आणि सगळ्यात शेवटी नवी फरशी. आतल्या खोलीत जायची वाट मधल्या खोलीतूनच होती, म्हणून फरशी बसवायच्या दिवशी सासूबाईंनी आतल्या खोलीतच बसायचं. तिथे बाथरूम होतं, डबा आणि पाणी तिने सकाळीच ठेवलं होतं.

दुपारी दाराजवळची शेवटची फरशी बसवून मिस्त्री बाहेर आला. "उद्या सकाळपर्यंत यावर मांजरसुद्धा जाऊ देऊ नका, ताई."

"आई, झालं हो काम!" सुनेने दारातूनच हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग फोन लावला. आत फोन वाजतच राहिला. ती ओल्या फरशीकडे बघत उंबऱ्यातच थांबली.

"बघत काय राहिलात? चला!" म्हणत मिस्त्री स्वतःच ओल्या फरशीवरून धावला. त्याच्यामागून ती.

सासूबाई पलंगाशेजारी जमिनीवर पडल्या होत्या. पाय वेडावाकडा मुडपला होता. त्यांनी पापणी लववली, तेव्हा कुठे सुनेच्या जिवात जीव आला.

"कधी पडलात, आई?"

"झाले असतील दोन तास. फरशी कापायच्या कटरच्या आवाजात माझी हाक ऐकू गेली नसेल तुम्हाला."

"पण आता मी जिवाच्या आकांताने ओरडत होते! ओ का नाही दिलीत?"

"इतक्या हौसेनं बसवून घेतलीस फरशी," त्या कण्हत म्हणाल्या. "ओ दिली असती, तर तशीच धावत आली असतीस वरून."