बायोलॉजी नको

"बायोलॉजी घेऊन ठेव बेटा. सायन्स असलं की पुढे कुठंही जाता येतं," दीप्तीचे बाबा म्हणाले.

"नको."

अकरावीचे विषय लिहून घेणाऱ्या ढोमणे मॅडम चक्रावल्या. "अगं, पान हुंगून झाड ओळखतेस तू! आवडीचा विषय सोडतेस?"

"आवडतो म्हणूनच सोडते."

मॅडमच्या टेबलावर कपाळाला बांधायच्या पट्ट्यांचा ढीग होता. वर्गात पट्टी बांधूनच बसायचं. पोरांना जे समजेल ते पट्टीतून त्याच क्षणी मशीनलाही समजायचं. दीप्तीच्या दादाने केमिस्ट्री घेतली, बोर्डात आला, बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. पदवी हातात पडेपर्यंत त्याला येणारं सगळं काम मशीन करायला लागलं होतं. आता दादा दिवसभर गच्चीवर बसून असतो.

"मला अकाउंट्स द्या," दीप्ती म्हणाली. "ते मशीनला आधीच सगळं येतं. माझ्याकडून त्याला नवीन काही मिळणार नाही."

"मग तुला नोकरी तरी कुठली मिळणार?"

"ती आता कशातच नाही मॅडम. निदान झाडांचं काम तरी माझ्यामुळे मशीनकडे जाणार नाही."

मॅडमनी तिचं नाव बायोलॉजीतून काढलं.

रांगेतली मागची मुलगी लगेच पुढे घुसली. "मॅडम, सीट रिकामी झाली ना? मला द्या ना! फुलं, पानं, मला सगळं पाठ आहे."

तिच्या आईने तर ढिगातली एक पट्टी उचलून तिच्या कपाळाला लावूनही पाहिली.