वेगळी लाइन

तिनं भिंतीवरच्या पेटीतून टेलिफोन कंपनीची जुनी तार ओढून काढली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. ही तार घरातल्या तारांपासून सोडवली नाही, तर इंटरनेट फोनची नवी डबी जळेल, असं पत्रकात ठळक छापलं होतं. नवरा म्हणाला होता, रविवारी माणूस बोलावू. रविवारपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती.

सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन मागे उभ्या होत्या.

"जमेल ना गं? नाहीतर आहे तेही जायचं."

"जमवतेच, आई."

"आणि सगळे फोन पूर्वीसारखे एकत्र ना?"

"हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला एकत्र. माझ्या खोलीतला वेगळा."

डबीला दोन लाइनी निघत होत्या. म्हणूनच तिनं ती निवडली होती. सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण बाळाची पाठ थोपटत आत गेल्या.

आजवर घरातले सगळे फोन एकाच तारेवर होते. ती रोज दुपारी माहेरी आईला फोन करायची. मोबाइलवर आईला धड ऐकू येत नसे. बोलता बोलता मध्येच 'टक्' व्हायचं. स्वयंपाकघरातला रिसीव्हर कुणीतरी उचललेला असायचा. कुणीतरी कसलं, दुपारी घरात दोघीच. मग मनातलं ओठांपर्यंत येऊन माघारी फिरायचं. "मजेत आहे गं, ठेवते," म्हणून ती फोन ठेवायची आणि बाळाकडे धावायची. भिंतींना कान असतात, हे तिनं ऐकलं होतं. इथे भिंतीला रिसीव्हर होता.

तिनं स्क्रू आवळले. डबीवर हिरवा दिवा लागला. हॉलमधला फोन तपासला, स्वयंपाकघरातला तपासला. मग वर आपल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि आईचा नंबर फिरवला.

"आई, आज मोकळेपणानं बोलते. कान लावायला कुणी नाही."

आणि तिनं सगळं सांगितलं. बाळ रात्र रात्र झोपू देत नाही. कंबर धरते. ताट वाढून घेतलं की ते रडायला लागतं, मग जेवणाचा पत्ताच नसतो. परवा तर नळ सोडून न्हाणीघरात रडले.

आई शांतपणे ऐकत होती. फारच शांतपणे.

"हो, ते न्हाणीघरातलं कळलं मला," आई म्हणाली.

"कुणाकडून?"

"तुझ्या सासूबाईंकडून. तू फोन ठेवलास की आम्ही दोघी बोलतो ना. त्या तिकडे उचलून थांबलेल्याच असतात."

ती पलंगावर बसली.

"अगं, तुझं रोजचं एकच. मजेत आहे, मजेत आहे. मला काय कळत नाही होय? त्यांना विचारलं तेव्हा कुठे खरं कळायला लागलं. परवा दुपारभर बाळाला कडेवर घेऊन त्या अंगणात फिरल्या. तू झोपावंस म्हणून."

"बाळ झोपलं होतं म्हणाल्या."

"म्हणणारच. मला बजावलंय त्यांनी, विहीणबाई, तिला सांगू नका. एकटीनं सगळं निभावतेय असं वाटतंय पोरीला, वाटू दे. तेवढाच धीर." आई थांबली. "आज कुठे गेल्या? उचलला नाही अजून."

"आई, ठेवू नकोस," ती म्हणाली.

रिसीव्हर पलंगावर तसाच ठेवून ती जिना उतरली. डबीतून स्वयंपाकघराची तार उपटली आणि तिचं टोक आपल्या खोलीच्या तारेला पीळ घालून जोडलं. जोड पक्का बसेपर्यंत तिनं पीळ सोडला नाही.

सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाळ त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं.

तिनं बाळाला अलगद आपल्याकडे घेतलं.

"आई, फोन उचला. मी माझं सगळं सांगितलंय. काही सुटलं असेल तर ते तुम्ही सांगा."