नवं ब्लेड

मसाई वस्तीतल्या मुलींची सुंता करणं नूनकिशू आजीनं सोडलं, त्याला सात वर्षं झाली होती. तरी मुलींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेची सिलान्तोई दारात हजर. "आजी, उद्या सगळ्यांसमोर तुझं ब्लेड आमच्या हवाली कर."

"अगं, गेल्या वर्षी त्या दुसऱ्या संस्थेला दिलं की!"

"त्यांचा फोटो झाला, आमचा कुठाय? नवं घे."

आजीला काही उमगेना. तरी तिनं भर बाजारातून कोरं ब्लेड आणलं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली पाहुणे जमले, पण मुलगी एकही नाही.

"पोरी कुठायत गं?" आजीनं शेजारणीला विचारलं.

शेजारीण दोन पावलं मागे सरली. "काल तू ब्लेड घेताना दिसलीस. पोरींनी रान गाठलंय. तुझी नातसुद्धा."